कोंड्यात गेलेले सत्त्व : मज्जातंतूंच्या दाहाचा इतिहास

"पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर झाल्यासारखे वाटतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही," अशी तक्रार आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही वारंवार ऐकतो. कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते वात आहे, तर कोणी या देशातील हिवाळ्याला बोल लावते. तेलाने पाय चोळून घ्यावेत आणि स्वस्थ बसावे, असा घरोघरचा रिवाज. कुपत खोलिमच्या डॉक्टरांपुढे ही गोष्ट काढायची तर हिब्रूत ती सांगायची कशी, हाही एक संकोच असतोच. वास्तविक पायांच्या या मुंग्यांनी एके काळी आरमारे खिळवून ठेवली आणि सैन्ये लुळी केली. 'व्हिटामिन' हा आज मुलांच्याही तोंडी असलेला शब्द जगाला मिळाला तो याच व्याधीचा शोध घेताना. त्या इतिहासातील काही भाग आपल्या कोकणाशी, आपल्या पलटणींशी आणि आपल्या वाडवडिलांच्या धंद्याशी निगडित आहे. म्हणून तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

प्रथम नावाविषयी थोडेसे. मेंदू आणि पाठीचा कणा येथून निघून हातापायांच्या टोकांपर्यंत जे मज्जातंतू पसरलेले असतात त्यांच्या विकाराला इंग्रजीत न्यूरायटिस म्हणत आले. मराठीत आपण त्याला मज्जातंतूंचा दाह म्हणतो. हे नाव रूढ झाले खरे, पण ते पुरतेपणी बरोबर नव्हे. पुष्कळदा तेथे दाह असा नसतोच. पोषणाअभावी वा विषामुळे तंतू झिजतात, वाळतात, जसे एखाद्या झाडाचे शेंडे आधी सुकावेत तसे. शरीरातील सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात. त्यांचे टोक पेशीच्या मूळ देहापासून सर्वांत दूर, म्हणून रसद तुटली की पहिला फटका तेथेच बसतो. मग बधिरता घोट्यावर चढते, पोटऱ्या दुखतात, पावले फरफटू लागतात आणि पुढे हातांची बोटेही कामातून जातात.

पूर्वेकडील भाताच्या देशांत या व्याधीचे एक रूप शतकानुशतके माहीत होते. त्याला बेरीबेरी म्हणत. रोग्याचे पाय जात, अंगाला सूज येई, आणि हृदय थकले की धडधाकट तरुणही दोन दिवसांत दगावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या गिरण्या आल्या, तांदूळ पांढराशुभ्र होऊन निघू लागला, आणि हा रोग अचानक वाढीस लागला. गिरणी आणि रोग यांची सांगड मात्र कोणाच्या ध्यानी आली नाही. तो काळच जंतुशास्त्राचा होता. पाश्चर आणि कॉख यांनी एकामागून एक रोगांचे जंतू उजेडात आणले होते. तेव्हा बेरीबेरीचाही एखादा जंतू असलाच पाहिजे, तो सापडला की झाले, असे मोठमोठे पंडित मानून चालले होते.

जपानी आरमारातील डॉक्टर ताकाकी कानेहिरो हे या समजुतीला अपवाद होते. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनला झाले होते. आपल्या खलाशांना हा रोग होतो आणि इंग्रज खलाशांना होत नाही, हे त्यांनी पाहिले. १८८३ साली 'र्‍यूजो' हे शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि होनोलुलू अशी सफर करून परतले, तेव्हा त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली होती आणि २५ जण मरण पावले होते. पुढील वर्षी 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज ताकाकींनी मुद्दाम त्याच मार्गाने धाडले, पण शिधा बदलून. भात कमी, मांस, दूध, पाव आणि कडधान्ये अधिक. या सफरीत एकही मनुष्य या रोगाने दगावला नाही. ताकाकींचा तर्क मात्र चुकीचा होता. अन्नात प्रथिने कमी पडतात म्हणून हा रोग होतो असे त्यांना वाटे. निदान चुकले आणि उपाय लागू पडला, अशी उदाहरणे वैद्यकात पुष्कळ आहेत. जपानच्या भूसेनेने मात्र आरमाराचे ऐकले नाही. तेथील वैद्यकीय खात्यात जंतुवादाचा कैवार घेणाऱ्यांत मोरी ओगाई हे होते, जे आज जपानचे थोर साहित्यिक म्हणून ओळखले जातात. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात पांढऱ्या भातावर पोसलेल्या त्या सेनेतील वीस हजारांहून अधिक शिपाई बेरीबेरीने मेले.

याच सुमारास जावा बेटावर एक निराळेच नाट्य घडत होते. तेथील डच सैन्यात बेरीबेरीने थैमान घातल्यामुळे १८८६ साली हॉलंडहून एक वैद्यकीय मंडळ बटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्तास, आले. त्यात क्रिस्तियान आइकमान नावाचा तरुण डॉक्टर होता. मंडळ परत गेले, आइकमान प्रयोगशाळा सांभाळण्यास मागे राहिला. रोग्यांचे रक्त टोचून कोंबड्यांना बेरीबेरी होते का, हे तो पाहत होता. १८८९ च्या जून-जुलैत कोंबड्यांचे पाय खरोखरच लटपटू लागले, त्या धडपडू लागल्या, पंख पडले. पण ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही आजारी पडल्या! आणि मग, नोव्हेंबरच्या शेवटी, कोणताही उपचार न करता रोग आपोआप नाहीसा झाला.

आइकमानने चौकशी केली तेव्हा कळले ते असे. कोंबड्यांचा सांभाळ करणाऱ्या माणसाने काटकसर म्हणून लष्करी इस्पितळाच्या भटारखान्यातील उरलेला शिजलेला भात मागून आणण्यास आरंभ केला होता. तो भात सडून पांढरा केलेल्या तांदळाचा. पुढे स्वयंपाकी बदलला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना घालायचा नाही असे या नव्या स्वयंपाक्याने ठणकावून सांगितले. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा असलेल्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. सरकारी कचेरीतील असल्या हटवादीपणाने आपण सर्वच कधी ना कधी त्रासलो आहोत. पण मानवजातीच्या उपयोगी पडलेला असा हटवादी कारकून आमच्या माहितीत हा एकच.

आइकमानने कोंबड्यांवर वारंवार प्रयोग केले. पांढरा तांदूळ दिला की पाय जात, कोंडा दिला की परत येत. जावाच्या तुरुंगांचे निरीक्षक व्होर्डरमान यांनी मग सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. जेथे सडलेला पांढरा भात मिळे तेथे दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, आणि जेथे कोंड्यासह तांदूळ तेथे दहा हजारांत एखादा. एवढे होऊनही आइकमानची समजूत अशी की तांदळाच्या पिठूळ भागात एखादे विष असावे आणि कोंड्यात त्यावरील उतारा. त्याच्या जागी आलेल्या ख्रेइन्स यांनी १९०१ साली सरळ सांगितले की विष वगैरे काही नाही. मज्जातंतूंना जे हवे असते ते कोंड्याबरोबर फेकले जाते, इतकेच. रोग असण्यातून होतो तसा नसण्यातूनही होतो, हा विचार त्या काळी पचनी पडणे सोपे नव्हते.

कोंड्यातील ते 'काहीतरी' वेगळे काढण्याच्या मागे जे लागले त्यांत काझिमिर फुंक यांचे नाव आपण विशेष आस्थेने घ्यावे. १८८४ साली वॉर्सा येथील ज्यू कुटुंबात जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ लंडनच्या लिस्टर संस्थेत काम करीत असे. पांढऱ्या तांदळाने पाय गेलेली कबुतरे तांदळाच्या कोंड्याच्या अर्काने पुन्हा उभी राहतात, हे त्यांनी दाखविले आणि १९१२ साली या द्रव्यांना जीवनाचे अमाईन अशा अर्थी 'व्हिटामाईन' हे नाव दिले. बेरीबेरीच काय, स्कर्व्ही, मुडदूस आणि पेलाग्रा हेही असल्याच द्रव्यांच्या अभावाने होत असावेत, असे त्यांनी त्याच वेळी लिहून ठेवले. पुढे सगळीच द्रव्ये अमाईन नसतात असे आढळल्यावर नावाचे शेपूट छाटून 'व्हिटामिन' केले गेले. फुंक यांच्या अर्कातील खरे द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात मिळाले ते १९२६ साली, पुन्हा बटाव्हियातच, यान्सन आणि डोनाथ यांच्या हाती. त्याची रचना उलगडून ते कृत्रिमरीत्या तयार केले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांनी, १९३६ साली. हे विल्यम्स जन्माने आपल्या भारतातले, आंध्रातील नेल्लोरचे. तेच आजचे थायमिन अथवा ब-१ जीवनसत्त्व. पिष्टमय अन्नातून शक्ती निर्माण करण्यास ते अत्यावश्यक असते, आणि शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचाच असतो. १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. फुंक त्यापासून वंचितच राहिले, याची खंत आम्हांस वाटते.

आता आपल्या कोकणाकडे वळू. आम्हीही भात खाणारी माणसे. मग कुलाबा-रत्नागिरीच्या गावांत बेरीबेरीची साथ का फिरली नाही? उत्तर उखळात आहे. आपल्या आज्या-पणज्या भात घरीच कांडीत. त्या हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा तांबूस पापुद्रा राहत असे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तर उकड्या तांदळाची पेज रोजची. भात टरफलासकट भिजवून उकडला म्हणजे कोंड्यातील जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते. मग तो गिरणीत सडला तरी पुष्कळसे वाचते. मलायात इंग्रज डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हेच पाहिले: एकाच मुलखात राबणारे, उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर निरोगी, आणि सयामचा पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने जर्जर. पांढरा भात हे त्या काळी सुबत्तेचे लक्षण समजले जाई. लग्नकार्यात हातसडीचा तांदूळ वाढणे म्हणजे कमीपणा, ही समजूत आमच्या लहानपणीही होतीच.

गव्हाच्या बाबतीतही हीच गोष्ट प्रत्ययास आली, आणि तीही आपल्या पलटणींच्या डोळ्यांदेखत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेले सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मुंबई इलाख्याच्या फौजेत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, जमादार-सुभेदार निपजले; त्यामुळे या पलटणींची नावे आपल्या घरांतून परकी नाहीत. तिग्रिस नदीच्या काठी कुट-अल-अमारा येथे या सैन्यास तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांना शरण जावे लागले. या वेढ्यात डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी होऊ लागली, हिंदी शिपायांना मात्र ती होईना. गोऱ्यांचा पाव चाळलेल्या पांढऱ्या पिठाचा. हिंदी शिपायांच्या रोट्या कोंड्यासकटच्या आट्याच्या. पुढे पांढऱ्या पिठाचा साठा संपत आला तसतसा गोऱ्यांच्या वाट्यासही आटा आणि जवाचे पीठ येऊ लागले, आणि उपासमार वाढत असताना बेरीबेरी मात्र ओसरली! उलटपक्षी हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठले. भाजीपाला नव्हता आणि घोड्याचे मांस त्यांतील बहुतेकांनी दीर्घकाळ नाकारले. एकाच वेढ्यात दोन जीवनसत्त्वांचा अभाव दोन पंगतींत असा वेगवेगळा वाढला गेला. शरणागतीनंतर त्या शिपायांचे जे हाल झाले ती कथा निराळी.

अन्नातून काही काढून टाकल्याने पाय जातात तसे अन्नात काही भर घातल्यानेही जातात. शिशाने रंगाऱ्यांचे मनगट लुळे पडते, हे तर फार पूर्वीपासून माहीत आहे. सोमलाची मोठी साथ १९०० साली इंग्लंडात मँचेस्टर परिसरात झाली. बियर पिणारे लोक हातापायांची आग आणि पांगळेपणा घेऊन इस्पितळांत येऊ लागले. दारूमुळे मज्जातंतू बिघडतात हे डॉक्टरांना ठाऊक होते, म्हणून प्रारंभी त्याच सदरात हे रोगी टाकले गेले. डॉ. रेनल्ड्स यांना मात्र शंका आली: कडक मद्य पिणाऱ्यांना हा विकार होत नाही आणि सौम्य बियर पिणाऱ्या गरिबांना होतो, हे कसे? शिवाय रोग्यांची कातडी काळवंडत होती. बियर तपासली तेव्हा तिच्यात सोमल निघाला. बियरसाठी वापरलेली साखर ज्या गंधकाम्लाने बनविली होती त्या आम्लातच तो होता. सुमारे ६,००० लोक आजारी पडले आणि सुमारे ७० दगावले. 'दारुडे आहेत' एवढे म्हणून प्रश्न मिटविला असता तर आणखी किती गेले असते कोण जाणे.

तेलाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. कोकणात आपले वाडवडील घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या काळी तेल्याच्या तेलात काय आहे ते गावाला ठाऊक असे. तीळ डोळ्यांपुढे घाण्यात पडत. तेल डब्यांतून आणि पिंपांतून येऊ लागल्यावर ती खात्री सुटली. यंत्रांच्या तेलात आणि प्लास्टिकच्या धंद्यात ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट नावाचे एक रसायन वापरतात. त्याला वास नाही, चव नाही, आणि दिसते ते खाद्यतेलासारखेच. पोटात गेले की प्रथम थोडी ओकारी-हगवण होते आणि मनुष्य बरा होतो. मग एकदोन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात आणि पावले खाली लोंबू लागतात. मधल्या या खंडामुळेच कारण सापडणे कठीण जाते. पंधरवड्यापूर्वीच्या जेवणाचा संशय कोणास येणार? अमेरिकेत दारूबंदीच्या काळी, १९३० साली, आल्याच्या अर्कात हे रसायन मिसळल्यामुळे हजारो गोरगरीब पांगळे झाले. १९५९ साली मोरोक्कोत मेक्नेस व आसपासच्या गावांत सुमारे १०,००० लोकांचे पाय गेले. विमानांच्या इंजिनांचे टाकाऊ तेल व्यापाऱ्यांनी स्वस्त खाद्यतेलात मिसळून विकले होते. मेक्नेसचे नाव या देशात कोणास अपरिचित? तेथून आलेली कुटुंबे आपल्या शेजारी राहतात. आपली मुंबईही यातून सुटली नाही. याच रसायनाने झालेल्या लुळेपणाची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनी १९६२ साली प्रसिद्ध केली, आणि १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलाने शेकडो माणसे अशीच अधू झाली. पोषक उपचाराने बेरीबेरीचा रोगी आठवड्यांत सुधारू लागतो. या विषाने पांगळे झालेल्यांतील पुष्कळांची चाल मात्र जन्मभर बिघडलेलीच राहते.

औषधांचा प्रकरणी थोडक्यात सांगतो. १९५२ साली क्षयावर आयसोनियाझिड हे औषध आले आणि मुंबईच्या चाळीचाळीतून या रोगाने गांजलेल्या घरांना नवा धीर आला. लवकरच काही रोग्यांच्या पायांची आग होऊ लागली. हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्व निकामी करते, असे आढळले; त्या जीवनसत्त्वाची छोटीशी गोळी जोडीला दिली की त्रास टळतो. प्रत्येकाचे शरीर हे औषध सारख्या वेगाने जिरवीत नाही. तो वेग आईबापांकडून येतो, म्हणून एकाच मात्रेने एकाचे पाय बधिर होतात आणि दुसऱ्यास काही होत नाही. आपल्या परसातील सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर गुणकारी, पण तेही मज्जातंतूंवर आघात करते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते, आणि त्याच्या अभावाची लक्षणे मधुमेहाच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे एकाच्या आड दुसरे लपून राहते. आज पायांच्या बधिरतेचे सर्वांत मोठे कारण मधुमेहच आहे. म्हणून तेलाने पाय चोळणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी रक्तातील साखर आणि ब-१२ ही दोन्ही तपासून घ्यावीत, आणि घेत असलेल्या सर्व गोळ्यांची डबी डॉक्टरांपुढे न्यावी, असे आमचे मागणे आहे. त्या डबीत 'शक्तीच्या गोळ्या' असतील तर त्याही. कारण १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की अभावाने मज्जातंतू बिघडविणारे ब-६ हेच जीवनसत्त्व अतोनात प्रमाणात घेतले तर तेही मज्जातंतू बिघडविते. त्यांचे रोगी दिवसाला दोन ते सहा ग्रॅम घेत होते, म्हणजे गरजेच्या हजारपटीहून अधिक.

बेरीबेरी ही जुन्या काळातील, दूरदेशची गोष्ट, असे जर कोणास वाटत असेल तर त्यांनी २००३ साल आठवावे. त्या वर्षी इस्राएलात काही तान्ही मुले ओकाऱ्या, सुस्ती आणि डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल मंदावणे अशा लक्षणांनी इस्पितळांत आली. तेल अवीवच्या डॉक्टरांना प्रथम एखाद्या विषाणूची शंका आली. शंभर वर्षांपूर्वी जावात आली होती, तशीच. मग त्यांनी आयांना विचारले, बाळ काय पिते? सर्व मुले एकाच सोयाबीनच्या दुधावर होती. ते जर्मनीत तयार होऊन येथे विकले जात होते. डब्यावर थायमिनचे प्रमाण छापलेले होते. आत ते जवळजवळ नव्हतेच. या मुलांच्या मेंदूवर आघात झाला होता. थायमिन टोचल्यावर काही मुले सावरली, काहींना वेळ निघून गेली होती, आणि काही दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे झटके येत राहिले, कित्येकांना बोलणे आणि चालणे उशिरा आले. ज्या आयांनी डब्यावरील अक्षरे वाचून, मापाने चमचे घालून ते दूध पाजले होते, त्यांनी कोणती चूक केली होती?